बनाबाई आणि कोयनेचं दावं

म्हशीच्या कासेला हात लावण्याआधी बनाबाई आपले तळहात एकमेकांवर घासून घेत. बाहेर ऊन असो, थंडी असो, गोठ्याचा पत्रा पावसाने वाजत असो. हात ऊबदार झाले की कोमट पाण्याने कास धुवायची, सडांवरून अलगद अंगठा फिरवायचा आणि मग काहीच करायचं नाही. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून पान्ह्याची वाट बघायची. थोड्या वेळाने म्हशीच्या आत कुठेतरी गाठ सुटल्यासारखं होई, तिचे कान सैल पडत, सड भरून येत आणि पहिली धार कासंडीच्या तळाशी वाजे. तो आवाज आला की बनाबाईंचा दिवस सुरू झाला, असं घरात समजत.

संध्याकाळी त्या आपल्या म्हशी घेऊन गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर येत. कोल्हापुरात दूध माणसाच्या दारात येतं, तसा माणूसही दुधाच्या दारात जातो. कट्ट्यावर गवळी म्हैस पिळतो, गिऱ्हाईक ग्लास धरून शेजारी उभं राहतं आणि फेस बसायच्या आत दूध पोटात जातं. बनाबाईंच्या म्हशीपाशी मात्र जरा थांबावं लागे.

"आवरा की मावशी, गाडी रस्त्यात लावलीया," एखादा म्हणे.

"मला काय सांगतासा? म्हशीला सांगा. तिला घाई असंल तर सोडंल."

आणि लोक थांबत. कारण बनाबाईंच्या गोठ्यात कुठल्याही म्हशीला पान्ह्याचं इंजेक्शन कधी टोचलं गेलं नव्हतं, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. सुई टोचली की म्हैस झटक्यात दूध सोडते, ते त्यांनी इतरांकडे पाहिलं होतं. पण एकदा सवय लागली की तीच म्हैस सुईवाचून पान्हवत नाही, रेडकू पुढ्यात बांधलं तरी नाही, हेही पाहिलं होतं. "अंगाला फुकटचं मिळालं की अंग आपलं काम इसरतंय," हे त्यांचं वाक्य गोठ्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलं होतं. या वाक्याने गोठ्याचं नाव झालं. याच वाक्याने पुढे बनाबाईंना गोत्यात आणलं.

बनाबाई साठीच्या उंबरठ्यावर होत्या. अंगाने काटक, नऊवारीचा काचा घट्ट, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाची म्हैस मान वर करी. नवरा, हंबीरराव, गेला तेव्हा मुलगा अमरसिंह अजून शाळेत होता. त्या दिवाळीला पेठेतले गवळी आपसात म्हणाले, आता हा गोठा मोडला. दिवाळी पाडव्याला गवळी आपल्या म्हशी सजवून पळवतात. ज्याची म्हैस त्या दिवशी रस्त्यावर दिसत नाही, त्याचा गोठा लोकांच्या हिशेबातून उठतो. पाडव्याच्या सकाळी बनाबाईंनी म्हशीची शिंगं रंगवली, काचा मारला, दावं हातात घेतलं आणि पुरुषांच्या घोळक्यातून नदीच्या घाटाकडे पळत सुटल्या. कुणी हसलं, कुणी शिट्टी मारली. परत येताना मात्र शिट्टी मारणाऱ्यांनीच वाट करून दिली. तेव्हापासून एकही पाडवा त्यांनी चुकवला नव्हता.

आता सगळे मोटारसायकलीवर असत. पुढे सायलेन्सर काढलेली गाडी फटफटत जाते आणि मालकाचा आवाज ओळखून म्हैस तिच्यामागे उधळत येते. बनाबाई तेवढ्या पायी. त्यांची म्हैस कोयना गाडीमागे पळतच नसे. कोयना जन्मली त्याच रात्री तिची आई गेली होती, आणि बनाबाईंनी तिला बोटं चोखायला देऊन, बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तिला जगात एकाच गोष्टीमागे पळायचं माहीत होतं, ती म्हणजे पुढे पळणाऱ्या बनाबाईंचे पाय.

गणपतीत गल्लीतल्या मंडळाने आरोग्य तपासणी ठेवली. दंडाला पट्टा बांधणाऱ्या पोराने आकडा बघितला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला.

"मावशी, डोकं दुखतं का? गरगरतं का?"

"पाय दुखतोय. म्हस उभी ऱ्हायल्ती त्याच्यावर."

रक्तदाब बराच वर होता. शिबिरातल्या डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. सून संयोगिताने ती आणून देवघराशेजारच्या फळीवर ठेवली. बनाबाईंनी काही दिवस इमानाने घेतली आणि मग त्यांच्या मनात ते जुनं वाक्य उठून बसलं. रोज गोळी पोटात गेली तर अंग आपला दाब आपण सांभाळायचं विसरणार. आज एक, उद्या दोन, मग सुईवरच्या म्हशीसारखी गत. त्यांनी घरात कुणाला न सांगता आपला नियम ठरवला: डोकं जड वाटेल त्या दिवशी गोळी, एरवी नाही. स्वतःच्या अंगाशी आपण किती प्रामाणिक वागतोय, याचा त्यांना थोडा अभिमानही वाटत होता.

दसरा झाला आणि सराव सुरू झाला. त्या दिवशी उठतानाच डोकं ठणकत होतं म्हणून बनाबाईंनी गोळी घेतली आणि कोयनेला बाहेर काढलं. पहाटेचा मोकळा रस्ता, मागे घुंगरांचा आणि खुरांचा आवाज. घाटापर्यंत पळाल्या, वळल्या, चढ चढून परत गोठ्याशी आल्या. अमरसिंहने सवयीप्रमाणे दावं हातात घेतलं आणि कोयनेला गल्लीतून सावकाश फिरवायला नेलं. पळून आलेली म्हैस लगेच खुंट्याला बांधायची नाही, अंग निवेपर्यंत चालवायची, हा घरातला जुना शिरस्ता. बनाबाई नळाशी थांबल्या. तोंडावर पाणी मारायला वाकल्या आणि वर उठल्या, तेवढ्यात समोरची भिंत लांब लांब जाऊ लागली.

समोरच्या गोठ्यातल्या फक्रुद्दीनने वैरणीचा भारा तिथेच टाकला. हंबीररावांचा तो लहानपणापासूनचा सोबती. त्याने बनाबाईंना आडवं केलं आणि पाय पेंडीच्या पोत्यावर उचलून ठेवले.

"वहिनी! ओ वहिनी! डोळं उघडा!"

डोळे उघडल्यावर बनाबाईंनी आधी विचारलं, "म्हस कुठाय?"

"म्हस फिरतीया. तुमीच तेवढ्या पडलाय."

त्या दिवशी जेवताना अमरसिंह म्हणाला, "बास आता आई. ह्या सालापास्नं कोयना माझ्या गाडीमागं."

"येती व्हय तुझ्या गाडीमागं?"

"शिकंल की."

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी सुरू केली, कोयनेचं दावं लांब सोडलं आणि हाळी दिली. कोयनेने चारी पाय जमिनीत रोवले. गाडी फटफटत राहिली, गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, कोयना हलली नाही. मग तिने मान वळवून गोठ्याच्या दाराकडे बघितलं. दारात बनाबाई उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळून. अमरसिंहने गाडी बंद केली.

"मग ह्या सालाला न्यायचीच न्हाय," तो म्हणाला. "एक पाडवा चुकला म्हणून काय आभाळ पडत न्हाय."

बनाबाईंनी कोयनेला आत नेऊन बांधलं. संध्याकाळी कट्ट्यावर पहिल्यांदाच असं झालं की कास धुऊन त्या बसून राहिल्या आणि कोयनेने पान्हा सोडला नाही. माणसाचं मन कुठे आहे, ते म्हशीला हातावरून कळतं.

संयोगिता तशी कमी बोलणारी. तिने दोन दिवस सासूकडे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी फळीवरची गोळ्यांची पट्टी खाली घेतली. जेवढ्या संपायला हव्या होत्या त्याच्या निम्म्याही संपल्या नव्हत्या. तिने आरडाओरडा केला नाही. पट्टी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "आत्ती, लुगडं बदला. जायचंय."

डॉक्टर पूर्णिमा हृदयविकाराच्या डॉक्टर होत्या, वयाने संयोगिताएवढ्याच. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, तो ठीक होता. दाब मोजला. वरचा आकडा दोनशेच्या जवळ होता.

"गोळी घेता?"

"घेतो की. लागंल तवा."

"लागेल तेव्हा म्हणजे?"

मग बनाबाईंनी सगळं सांगितलं. म्हैस, सुई, पान्हा, अंगाचं विसरणं. संयोगिताला वाटलं, आता बोलणी बसणार. पण डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "इंजेक्शन दिलं की म्हशीच्या आत नेमकं काय होतं?"

"कास आतनं पिळल्यागत हुती. दूध जोरानं भाईर येतंय."

"बरोबर. आणि ही गोळी याच्या उलट वागते, मावशी. पिळत नाही, सैल करते." त्यांनी आपल्या मनगटावर बोट ठेवलं. "रक्ताच्या नळ्या म्हणजे नुसते पाइप नाहीत. त्यांच्या भिंती जिवंत असतात, आवळतात, सैलावतात. आपण पळायला लागलो की पायांतल्या नळ्या रुंद व्हायला पाहिजेत, कारण पाय जास्त रक्त मागतात. तुमच्या भिंती आवळून बसल्यात. पाय मागतायत, वाट अरुंद आहे, मग काळीज जोर लावतं आणि दाब आणखी चढतो. बसल्याजागी एवढा आहे, तर चढावर पळताना किती होत असेल? मेंदूतली एखादी बारीक नळी फुटली तर?"

बनाबाई म्हणाल्या, "आन् रोज घेटली तर अंग इसरणार न्हाय?"

"अंग आधीच विसरलंय. ते तुमच्या गोळीमुळे नाही, वयाने, मिठाने, घराण्याने. गोळी सोडली की दाब परत चढणार, पण तो सवय लागली म्हणून नाही, रोग तिथेच आहे म्हणून. आणि अधूनमधून घेऊन भागत नाही. ही गोळी अंगात मुरायला आठवडा-दोन आठवडे लागतात."

"मग परवा पडलो ते? त्या दिवशी घेटलीच हुती की गोळी."

"गोळीला दोष देताय, ते अर्धं खरं आहे. पळून आल्यावर काय केलंत?"

"काय करायचं? हुबा ऱ्हायलो नळापाशी."

"आणि म्हैस?"

"म्हस अमर फिरवत हुता."

"का?"

"का म्हंजे? पळून आलेली म्हस एकदम हुबी करायची नस्ती. तिला..."

बनाबाई मध्येच थांबल्या. संयोगिताने तोंडावर पदर धरला, पण हसू आवरेना.

"म्हंजे आत्तींनी म्हस फिरवाय दिली," ती म्हणाली, "आन् सोताला खुंट्याला बांधलं."

डॉक्टरही हसल्या. मग त्यांनी नीट समजावलं: पळताना पोटऱ्या आकसत-सुटत राहतात आणि पायांतलं रक्त वर ढकलतात. एकदम थांबलं की ढकलणारं कुणी उरत नाही. पळण्याने रुंद झालेल्या नळ्या तशाच उघड्या असतात, गोळीने आणखी थोड्या सैल. रक्त पायांत रेंगाळतं आणि डोक्याला कमी पडतं. त्यातून वाकून उठलं की आलीच चक्कर.

"मला पाडव्याला पळायचंय," बनाबाई म्हणाल्या. विनंती नव्हती त्यात, पण हट्टही नव्हता. दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"आज मी नाही म्हणते," डॉक्टर म्हणाल्या. "रोज गोळी घ्या. मीठ-लोणचं कमी करा. पळू नका, रोज चाला, थोडं थोडं भरभर. दिवाळीच्या आधी या. या सरकत्या पट्ट्यावर, ट्रेडमिलवर, तुम्हाला चालवून बघते, मग सांगते. हो म्हणेनच असं नाही."

घरी आल्यावर बनाबाईंनी गोळ्यांची पट्टी पिशवीतून काढून गोठ्यात नेली आणि कोमट पाण्याच्या तपेल्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली. सकाळी हात घासायचे, कास धुवायची, आणि पान्ह्याची वाट बघताना गोळी गिळायची. जेवणातलं लोणचं त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवलं. कोयनेला घेऊन त्या घाटापर्यंत चालत जाऊ लागल्या, आधी रमत, मग जरा झपाट्याने. डोकं कधी दुखेनासं झालं ते त्यांना आठवून सांगता आलं नसतं.

बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. फक्रुद्दीन समोरून ओरडला, "काय वहिनी! म्हशींला कधी सुई लावली न्हाईसा, आन् सोताला चालू केलासा म्हणं?"

बनाबाई वाटेतच उभ्या राहिल्या. "सुई न्हाय ती, फकरूभावजी. कोमट पाणी हाय. कासंला लावतो तसलं. आतलं आवळल्यालं सैल करतंय, बस्स."

"असं व्हय?" तो डोकं खाजवत म्हणाला. "मग मलाबी दावा की त्या बाईस्नी. माजंबी कवा मोजल्यालं न्हाय."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बनाबाई डॉक्टरांकडच्या त्या पट्ट्यावर चढल्या. छातीला तारा चिकटवलेल्या, काचा मारलेला, अनवाणी. पट्टा सरकू लागला तशा त्या दांडीला घट्ट धरून म्हणाल्या, "आगं बया, रस्ताच पळतोय आन् मी जाग्यावरच!"

"दांडी सोडा. हात मोकळे ठेवा," डॉक्टर म्हणाल्या.

"हातात दावं नगं व्हय? सवय हाय मला."

संयोगिताने आपल्या ओढणीचं टोक त्यांच्या मुठीत दिलं. मग त्या चालल्या. पट्टा वेगाने फिरला, पुढून उचलला गेला, चढ आला. बनाबाईंचा श्वास वाढला, कपाळ ओलं झालं, पण पावलं एका तालात पडत राहिली. डॉक्टर दर थोड्या वेळाने दंडाचा पट्टा फुगवून बघत होत्या. चढावर दाब चढला, तो चढतोच, पण जिथे थांबायला हवा तिथे थांबला. आलेखात काही वाकडं दिसलं नाही. शेवटी पट्टा एकदम बंद झाला नाही, हळूहळू मंदावत गेला. ते बनाबाईंनी बरोबर टिपलं.

"हेबी फिरवूनच बांधतंय की," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटींसह. पळण्याची चाल तुम्ही धरायची, कोयनेच्या वेगाने पळायचं नाही. छातीत दुखलं, श्वास पुरेनासा झाला तर तिथेच पळणं सोडायचं. आणि परत आल्यावर दावं कुणाच्या हातात द्यायचं नाही.

"कुणी मागितलं तरी?"

"कुणी मागितलं तरी."

पाडव्याची सकाळ. कोयनेच्या शिंगांना लाल-पिवळा रंग, टोकांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पाठीवर केस कातरून काढलेली नक्षी. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, गच्च्यांवर बायका. फटफटत गाड्या गेल्या, त्यामागे धुरळा उडवत म्हशी गेल्या. फक्रुद्दीनची म्हैस तर मध्येच थांबून पुढचे पाय उचलून उभी राहिली, तेव्हा शिट्ट्यांनी पेठ दणाणली. मग जरा मोकळी जागा पडली. लोकांनी ओळखलं, आता कोण येणार.

बनाबाई आल्या. काचा मारलेला, पदर कमरेला खोचलेला, एका हातात सैल दावं. त्या घाईत नव्हत्या. पहिल्यासारखं अंगातलं सगळं बळ एकदम उधळलं नाही त्यांनी. पावलांना एक चाल दिली आणि ती धरून ठेवली. मागून कोयनेचे खूर त्याच चालीत येत होते. घाटाच्या उतारावर नदी दिसली, पाण्यावर ऊन पसरलेलं. पाय हलके होते. पोटऱ्यांत, मांड्यांत ऊब भरत चाललेली त्यांना जाणवली, आणि त्यांना वाटलं, पान्हा येताना म्हशीला असंच वाटत असेल. घाटाशी त्यांनी वळण घेतलं. चढ लागला तशी चाल थोडी कमी केली. अमरसिंह कडेने पळत होता, घामाघूम, एक डोळा आईवर.

"आई, बरं हाय न्हवं?"

"बोलू नगंस. तुलाच धाप लागलीया."

गर्दी हसली. शेवटच्या टप्प्यावर मांडव होता. तिथे मंडळाचे अध्यक्ष, केरबा, भगवा फेटा घेऊन उभे होते. या वर्षी मंडळाने ठरवलं होतं की बनाबाईंना फेटा बांधायचा. ढोल वाजले, टाळ्या पडल्या, केरबांनी फेट्याचं टोक मोकळं केलं. बनाबाई मांडवापर्यंत पळत आल्या आणि मग पळण्याचं चालणं झालं. पण त्या थांबल्या नाहीत. मांडवासमोरून तशाच पुढे गेल्या.

"मावशी! अवो मावशी! हिकडं!"

अमरसिंहचा हात सवयीने दाव्याकडे गेला. बनाबाईंनी दावं दुसऱ्या हातात घेतलं.

"दे की मी फिरवतो. तू बस जरा."

"आज मी फिरवतो. मलाबी फिरवायचंय."

त्याला कळायला क्षण लागला. मग तो आईच्या शेजारून चालू लागला. केरबा मांडवातून उतरून फेट्याचं टोक सावरत मागे धावले.

"अवो थांबा की, फेटा बांधायचाय!"

"चालत बांधा. येत न्हाई व्हय?"

मग पेठेने असा फेटा पाहिला, जो आधी कुणी पाहिला नव्हता. पुढे बनाबाई, त्यांच्या बाजूने उलटं चालत वळसे देणारे केरबा, फेट्याचं दुसरं टोक हातात धरून अमरसिंह, आणि मागे मान डोलवत येणारी कोयना. ढोलवाल्यांनाही थांबावं की चालावं कळेना, शेवटी तेही चालू लागले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन सगळी वरात परत वळली. तोवर बनाबाईंचा श्वास खाली बसला होता. गोठ्याशी येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने कोयनेला खुंट्याला बांधलं आणि मगच दाराच्या पायरीवर टेकल्या. फेटा जरा वाकडा झाला होता. तो त्यांनी दिवसभर तसाच ठेवला.

संध्याकाळी कट्ट्यावर नेहमीसारखी गर्दी. संयोगिता ग्लास विसळत होती. डॉक्टर पूर्णिमा गर्दीतून पुढे आल्या, बनाबाईंचा हात हातात घेऊन नाडीवर बोट ठेवलं, समाधानाने मान डोलावली. बनाबाईंनी हात सोडवून घेतला, तळहात एकमेकांवर घासले, कोयनेची कास धुतली आणि तिच्या पोटाला कपाळ टेकून वाट बघत बसल्या. या वेळी फार बसावं लागलं नाही. धार वाजली. ग्लास फेसाने भरून आला. डॉक्टरांनी उभ्याउभ्या, सगळ्यांसारखा, एका दमात तो रिकामा केला.

बनाबाईंनी वर बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा ग्लास हातात घेत म्हणाल्या, "मिशी पुसा, डॉक्टरीणबाई."